शेषरावआबांच्या जाळ्यातली भोकं

"ताणून धर वं, ढिलं नको सोडू," भागिरथाआजी म्हणाली. इफ्रानं जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि सपनानं दोरा भरलेली लाकडी सुई भोकात घातली. एक गाठ, दुसरी गाठ, आणि जाळ्यातलं तुटलेलं घर पुन्हा चौकोनी झालं.

सपना आणि तिचा धाकटा भाऊ अश्वजित उन्हाळ्याच्या सुट्टीत वाशिमहून अनसिंगला आजोळी आले होते. शेजारची इफ्रा म्हणजे त्यांची सुट्टीतली पक्की मैत्रीण. डोंग्यात बसून तलावभर फिरायचं, असा तिघांचा बेत होता. पण डोंगा काठावर उलथा पडला होता, कारण सपनाचे आजोबा शेषरावआबा आणि लखनदादाचं फाटलं होतं!

पलीकडच्या आळीतला लखन डोंगा वल्हवायचा आणि आबा जाळं सोडायचे, हे कित्येक वर्षं चाललेलं. यंदा मात्र गोठ्यामागं घडी घालून ठेवलेल्या जाळ्याला सारखी नवी भोकं पडू लागली. लखनला वेगळं व्हायचं आहे, तोच जाळं कापतो, असं आबा चार लोकांत बोलून बसले. लखन मानी गडी. त्यानं सरळ पुण्याला मजुरीला जायचं ठरवलं. उद्या सकाळची गाडी होती. तो गेला की आबांची मासेमारी संपली, हे सगळ्यांना कळत होतं. आबांनाही कळत होतं, पण माघार कोण घेणार?

आजीनं भोकाच्या कडा कापून टाकल्या होत्या. ते तुकडे अश्वजित बोटांनी चिवडत बसला होता.

"आजी, या दोऱ्याच्या टोकाले गोळी काहून हाय?"

इफ्रानं तुकडा हिसकावून घेतला. तिचे अब्बू शिलाईकाम करायचे. नायलॉनची दोरी उसवू नये म्हणून ते तिचं टोक मेणबत्तीवर धरत, तेव्हा अशीच कडक गोळी व्हायची.

"हे कापलेलं नाई," ती म्हणाली. "हे जळलेलं हाय."

सपनाच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. तिनं आबांसारखीच जाळ्याची घडी घातली, तर काय, वेगवेगळी दिसणारी भोकं बरोबर एकाखाली एक आली. म्हणजे एकच ठिणगी सगळ्या घड्यांतून आरपार गेली होती. कुणीतरी गोठ्यामागं बसून बिडी ओढत होतं, आणि लखनदादाला तर बिडीच्या नुसत्या वासानं ठसका लागायचा.

संशय अर्थातच जानरावकाकांवर गेला. ते रोज गप्पा मारायला यायचे आणि बिडीशिवाय त्यांच्या गप्पा रंगायच्या नाहीत. मुलांनी चांगलं जाळं खाटेखाली लपवलं आणि त्याच्या जागी एका जुन्या फाटक्या जाळ्याची घडी ठेवली. काका आले, ओट्यावर बसले, दोन बिड्या ओढून निघूनही गेले. गोठ्याकडं ते फिरकलेच नाहीत. तिघांची तोंडं पडली.

दुपारी जेवणं झाल्यावर घर पेंगत होतं. तिघं गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसली होती, तेवढ्यात धुराचा वास आला. अश्वजितनं डोकं वर काढलं आणि त्याचा आ वासलेलाच राहिला.

आबा! खोकल्याच्या आजारात आजीला बिडी सोडण्याचं वचन देणारे आबा जाळ्याच्या घडीला टेकून मजेत झुरके घेत होते. इतक्यात घरातून आजीच्या बांगड्या वाजल्या. आबांनी घाईघाईनं हात पाठीमागं नेला आणि न बघताच बिडी विझवली. कुठं? जाळ्यावर!

सपना बाहेर आली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "आबा, हात मांगं नका नेऊ," ती हळूच म्हणाली, "भाजन."

अश्वजितनं घडी उलगडली. प्रत्येक पदराला एकाच जागी भोक होतं आणि त्यातून अजून धूर निघत होता. आबांनी एकेका भोकात बोट घालून पाहिलं. आजी दारात येऊन उभी होती. आधी लखनकडं जा, मग बिडीचं बोलू, एवढंच ती म्हणाली.

मुलांना घेऊन आबा निघाले आणि वाटेत त्यांनी जानरावकाकांना आणि ज्यांच्यासमोर लखनवर आळ घेतला होता त्या बाकीच्यांनाही सोबत घेतलं. लखनच्या अंगणात त्याची आई रामीबाई त्याचे कपडे पिशवीत भरून गाठ मारत होती.

"लखन, जाळं तू नाई कापलं. माह्याच बिडीनं जळलं," आबा म्हणाले. "चार लोकांत तुह्यावर आळ घेतला, म्हनून चार लोकांतच सांगून राह्यलो. चुकलो मी. इतके वर्स तू डोंगा सरळ धरला, म्हनून मले जाळं टाकता आलं. हे तुले कदी बोललोच नाई."

त्यांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "अन् या लेकरायचे तं लय उपकार. हे नसते तं मी माह्या हातानं माहा मानूस गमावला असता."

जानरावकाकांनी मुलांची पाठ थोपटली. आपल्यावर पाळत होती हे ऐकून ते खो खो हसले.

लखनचे डोळे भरून आले होते. "आबा, पोहायले तुमीच शिकवलं मले," तो म्हणाला. "तुमचं जाळं मी कापीन, असं तुमाले वाटलंच कसं?"

आबांनी हात जोडले. लखननं पुढं होऊन ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

रामीबाईनं पिशवीची गाठ सोडली आणि लखनचा शर्ट पुन्हा खुंटीला टांगला.