तिसऱ्या हाकेला ओ

दुपारच्या हाकेची कथा माणदेशात निदान तीन रूपांत सांगितली जाते. एका रूपात हाक बांधावरून येते, दुसऱ्यात मेंढरांच्या कळपामागून, तिसऱ्यात कोरड्या ओढ्यातून. आवाज मात्र नेहमी ओळखीचा असतो. पहिल्या दोन हाकांना जो ‘ओ’ देतो तो परत येत नाही. तिसरी हाक आली तर ती आपल्या माणसाची, असे समजतात. चौथे रूप मला म्हसवडजवळच्या एका वस्तीवर हरणाबाईंकडून मिळाले. त्यात हाक विहिरीवरच्या एका पेटीतून येते.

पेटी म्हणजे मोबाईल स्टार्टर. तिच्यात सिमकार्ड असते. घरून फोन लावला की मोटर सुरू होते, आणि वीज आली की पेटीच घरी फोन करून कळवते. हरणाबाईंचे पती नाथाजी यांनी ती बसवली आणि वर्षभरातच ते वारले. हरणाबाईंच्या फोनवर पेटीचे नाव ‘विहीर’ असे आहे.

“आमची आय फोनलाबी तीनदा वाजवून घेती,” त्यांचा मुलगा सिद्धू मला म्हणाला. “कंपनीवाली बाई दोनदातच दमती.”

“हस तू,” हरणाबाई म्हणाल्या. “तिसऱ्यांदा उचलला म्हनून हितं बसलायस.”

झाले ते असे. वीज चारला येणार म्हणून सिद्धू मोटरच्या केबलचा सुटलेला जोड बांधायला विहिरीत उतरला. घरी सांगितले नाही. फ्यूजही काढले नाहीत. लाईटच नाही तर कशाला, असे इथे सगळेच म्हणतात. पेटीचे बटण ‘ऑटो’वर होते, म्हणजे वीज येताच पेटी ती आपोआप मोटरच्या तारेत सोडणार होती.

बाराच्या सुमारास हरणाबाई भाकरी थापत होत्या. फोन वाजला आणि थांबला. पडद्यावर ‘विहीर’. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. बाहेर ऊन पांढरे पडले होते आणि कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी हरणाबाईंचा हात हलेना. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पिठाच्याच हाताने त्यांनी तो कानाला लावला.

“ओ...”

इथवर सांगून त्यांनी आवाज उतरवला. “नेहमी बाई बोलती, वीज आली आहे म्हनून. त्या दिवशी... निस्ता पान्याचा आवाज. आन् मग आमचे ह्ये...”

“काय म्हणाले?”

“पोरगं हिरीत हाय. आदी फ्यूज काड, मग हाक मार.”

त्या धावल्या. पेटीवरचा लाल दिवा लागला होता; वीज आली होती. पण ‘ऑटो’वर असूनही पेटीने ती पुढे मोटरच्या तारेत सोडली नव्हती. हरणाबाईंनी फ्यूज उपसून काढले आणि मगच काठावरून वाकून हाक मारली. सिद्धू कमरेभर पाण्यात, हातात उघडी तार.

“आय, वरडतीस कशाला? लाईट चारला हाय!”

कुपवाडच्या जयराज नावाच्या कारागिराने पेटी तपासली. दहा वेळा वीज देऊन पाहिली. दहाही वेळा मोटर सुरू झाली. “मेलेल्या मानसाचा आवाज काढनारी यंत्रं निघाल्यात आता,” तो म्हणाला, “पर ह्या पेटीत बाईची तीन वाक्यं हायत. चौथ्याला जागाच न्हाई.” त्याने नवी पेटी बसवली, तिचे नाव फोनवर ‘मोटर’ असे घातले. जुनी हरणाबाईंनी त्याच्याकडून मागून घेतली. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ती ठेवलेली मी पाहिली. तार नाही, सिम काढलेले, वर जास्वंदीचे ताजे फूल.

पहिल्या तीन रूपांत हाक माणूस नेते. हाक माणूस परत देते असे हे एकच रूप माझ्या संग्रहात आहे. त्याची भुताच्या कथांत नोंद करू का, असे मी विचारले तेव्हा हरणाबाई रागावल्या.

“भूत कशाला म्हनता, आवं? उपकार हायत त्येंचं.”

मला त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. पाने वाढली तेव्हा बारा वाजून गेले होते. फोन वाजला. ‘विहीर’. थांबला, पुन्हा वाजला, थांबला. तिसऱ्यांदा हरणाबाईंनी पदराला हात पुसून तो कानाला लावला.

“ओ... व्हय, आलाय. ताटावर बसलाय.”

सिद्धूने भाकरी मोडली.