एकच जागा शिल्लक

“आत्या, आजच घ्यायला हवीत! दोन्ही तिकिटं आपल्या पैशांत बसतायत… हो, युरोपचीच! थेट विमान… नाही गं, बस नाही, विमान!”

कॉफीच्या दुकानातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

खरं तर माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी एकच नेम धरते – आज कुणावर आवाज चढवायचा नाही. पण आत्यापुढे इलाज नव्हता. शिवणाच्या कारखान्यात, मशीनच्या खडखडाटात तिची सगळी नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर कानही. आईबाबांच्या मागे मला वाढवलं ते तिनंच. आता तिला फक्त एकदा बर्फाच्या डोंगरातून धावणाऱ्या आगगाडीत बसायचं होतं. “गुडघे ऐकतायत तोवर ने बाई,” म्हणायची, “कान तर ऐकत नाहीतच.”

म्हणून कित्येक महिने मी विमानाच्या भाड्यांवर पाळत ठेवून होते. सकाळी उतरायची, दुपारी चढायची, मी बघतेय हे जणू त्यांना कळायचं! आणि आज ती सापडली होती, तर आत्या म्हणते, “थांब, चहा उतू जाईल, तो बघून सांगते.”

चहा बघून झाला. “घे,” ती म्हणाली. मी बटण दाबलं… आणि लाल अक्षरं उमटली. भाडं बदललं आहे. आता दोन जागांना जे मागत होते, त्यात आमचं जाणंच बुडत होतं.

मी डोकं धरून बाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर तेच विमान, तीच तारीख, आणि खाली हिरवी खूण. तिकीट निघालं होतं! लॅपटॉपचा मालक कुरळ्या केसांचा, कपात साखर ढवळत बसलेला. अगदी निवांत.

“हे… हे माझं विमान आहे,” मी म्हणाले.

“अख्खं?”

“माझ्या आत्याची जागा घेतलीत तुम्ही!”

“तुम्ही एवढ्या मोठ्यानं सांगत होतात… मला वाटलं, सगळ्यांनाच सांगताय.”

“लोकांचं बोलणं चोरून ऐकता? काही वाटत नाही?”

“ऐकणं हा माझा धंदाच आहे हो. कानाची यंत्रं बसवतो मी. मागच्या गल्लीत दुकान आहे.”

“मग आधी स्वतःच्या कानांना झाकणं बसवा!”

हे मी बोलले. मी! भर दुपारी, चारचौघांत माझा नेम मोडला, आणि तो माणूस… हसत होता. गालात. त्याचाच जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात डोळे तपासत होते. माझं कामच ते. अंधाऱ्या खोलीत पुढचा पेशंट येऊन बसला. मी अक्षरांच्या फलकाचा दिवा लावला, आणि उजेडात कुरळे केस दिसले.

“सगळ्यात खालची ओळ वाचा,” मी शक्य तितक्या कोरडेपणानं म्हणाले.

“काल… माझं… चुकलं.”

“असं लिहिलेलं नाही.”

“मला तसंच दिसतंय. नंबर वाढला असेल.” मग ते गंभीर झाले. “मी तिकीट रद्द केलं. तुमच्या आत्यांची जागा मोकळी झाली.”

मन क्षणभर पाघळलं. घाईघाईनं फोन उघडून पाहिलं, तर भाडं चढलेलंच!

“अहो, एकदा विचारायचं तरी! सोडलेली जागा जुन्याच भावात परत येते असं कुणी सांगितलं तुम्हाला? आता तुम्हीही नाही आणि आत्याही नाही. वा! आणखी काही मोडायचं राहिलंय का?”

त्यांनी बिचाऱ्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, “तुम्ही दोन मागताय. एक मागून बघा ना…”

मी एक मागितली. जुनं भाडं! स्वस्तातली एक जागा कालपासून तिथंच होती. मी दोन मागत होते, एकच उरली होती, म्हणून दोन्हींना महागातला भाव लावून मोकळे! बरं, तसं सांगायचं की नाही? आता भांडायचं तरी कुणाशी, पडद्याशी?

“ती माझी,” आत्यानं फोनवर निकाल दिला. “कारखान्यात एवढ्या बायका सांभाळल्या, एक विमान नाही सांभाळणार? तू मागून ये, जमेल तशी. आणि त्या कानवाल्याला घरी पाठव. चूक केलीय ना, मग मला यंत्र बसवून दे म्हणावं.”

ते आले. संध्याकाळी, काम आटोपून, छोटी पेटी घेऊन. पुन्हा आले. दर वेळी यंत्र थोडं जुळवायचं राहिलेलं असायचं, आणि मी दारातच फुरंगटून उभी. एकदा मी नेहमीसारखी ओरडले, “आत्या, जेवायला ये!” तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. आता ऐकू येतंय त्यांना.”

मी हळूच म्हणाले, “आत्या…”

ती वळली. कित्येक वर्षांनी मी माझ्या आत्याशी माझ्याच आवाजात बोलले. डोळे भरून आले, आणि रागवायचं राहूनच गेलं.

शेवटी मी आडवळणाचं विमान घेतलं, मधे लांबलचक थांबा असलेलं. ते म्हणाले, “मलाही आता तेच परवडतंय…”

थांब्याच्या विमानतळावर काचेबाहेर धुकं दाटलं होतं. आम्ही लोखंडी बाकावर, दोघांत एक पिशवी ठेवून बसलो होतो. फोन वाजला. आत्याचा निरोप.

‘ठमे, पोचले. शेजारची जागा रिकामीच होती, पाय पसरून आले. अगं, तुम्ही तिकिटं काढायच्या आदल्याच दिवशी या विमानाचं भाडं उतरलं होतं. मला बिनचष्म्याचं दिसलं. डोळे तपासतेस ना लोकांचे? एकदा स्वतःचे तपासून घे. त्याचेही.’

त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

“मला… दिसलं होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“उतरलेलं भाडं. सांगितलं असतं, तर तुम्ही आत्यांबरोबर गेला असतात. आणि मी इथं एकटाच ही पाणचट कॉफी—”

“अहो, ही काय रीत झाली!” आवाज चढलाच. माना वळल्या. “इथं माझी पाठ मोडायची वेळ आलीय, आणि तुम्ही—”

“रागवा. पण सांगूनच टाकतो. मला तुम्ही आवडता. ओरडताना… न ओरडताना… दोन्ही.”

पुढचं रागाचं वाक्य तयार होतं. ते कुठं गेलं कोण जाणे. मी मधली पिशवी उचलून खाली ठेवली. त्यांच्या हातातला कप घेतला, एक घोट घेतला. खरंच पाणचट होती.

“ते भाडं… मलाही दिसलं होतं…” मी म्हणाले. इतक्या हळू, की शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचलं नसतं.

त्यांना ऐकू आलं.