ठिपक्याचं शेपूट

"ताई, पळत ये की! शेपूट वळवळतंय, पण ठिपक्या न्हाय त्याला!"

धाकट्या भावाची, पारसची हाक ऐकून रुचिता मागच्या खोलीत धावली. काचेच्या पेटीत वाळूवर तुटलेलं शेपूट उड्या मारत होतं. ठिपक्या पाण्याच्या वाटीमागे अंग चोरून बसला होता. शेपटीच्या जागी लाल, ओला खुंट!

ठिपक्या म्हणजे पिवळ्या अंगाची, काळ्या ठिपक्यांची पाळीव पाल, गेको. तो रुचिताच्या वर्गातल्या शिवांशचा. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे शिरोळला जाताना त्यानं ठिपक्याला उचगावला रुचिताच्या घरी ठेवलं होतं. रविवारी तो न्यायला येणार होता. आज गुरुवार होता.

"गल्लीतल्या हंबीररावाचा बोका!" तिच्या आजोबांनी, आप्पासो आबांनी दारातूनच निकाल दिला. "झाकणावर वीट ठेवा."

वीट ठेवली. शुक्रवारी सकाळी खुंटावर नवी जखम होती!

"विटेखालनं बोका शिरला व्हय?" शेजारची भूमिका म्हणाली. "लईच बारीक हाय की!"

पारस हसला, पण रुचिता हसली नाही. "याची सगळी चरबी शेपटीत असते. ती गेली. आता खाल्लं नाही तर तो मरेल."

"तू रोज खायला घालतीस न्हवं?" भूमिकानं विचारलं.

"सोमवारपासून रोज संध्याकाळी सहा रातकिडे सोडले." तिनं बोटानं मोजले. "चोवीसच्या चोवीस आहेत! यानं एकही खाल्ला नाही."

मग तिनं जपून ठेवलेलं शेपूट भिंगाखाली धरलं. कातडीवर चार बारीक खड्डे होते. तिनं ते एका बरणीत ठेवलं आणि आत एक रातकिडा सोडला. दोन तासांनी खड्डे अकरा झाले होते.

पारसनं तोंड फिरवलं. "शी! म्हणजे जेवणानंच ह्याला खाल्लं?"

"उपाशी रातकिडे समोर दिसेल ते कुरतडतात. खरा प्रश्न वेगळा आहे. हा त्यांना खात का नाही?"

"दिवा चालू हाय की!" भूमिकानं पेटीच्या जाळीच्या झाकणावर टांगलेला ऊब देणारा दिवा दाखवला. शिवांशनं बजावलं होतं, दिवा रात्रभर हवा. गार पडला की ठिपक्या शिकार करत नाही.

रुचिता जाळीकडे बघत राहिली. "सोमवारी इथे किती मेलेले पतंग होते?"

"मूठभर! मीच झाडले," पारस म्हणाला.

"मंगळवारपासून एकही नाही. रात्री दिवा बंद असतो."

"पण सकाळी आपण उठतो तेव्हा चालू असतो!"

"आपल्या आधी कोण उठतं?"

तिघांनी एकदमच अंगणाकडे पाहिलं. आबा वाकून, पायाखाली मुंगी येणार नाही असं बघत, झाडांना पाणी घालत होते.

रुचितानं बरणी आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. सगळं सांगितलं. आबांनी भिंगातून एकेक खड्डा बघितला.

"मीच रात्री इझवून पहाटे परत लावत होतो," ते शेवटी म्हणाले. "पतंग जळून मरत्यात, बघवत न्हाय. एक जीव वाचवायला गेलो आणि दुसऱ्याला…" त्यांनी बरणी खाली ठेवली. "मी बोक्याचं नाव घेतलं. तू मोजून काढलंस. शाबास, पोरी!"

शाबासकी ऐकूनही रुचिताला बरं वाटलं नाही. "मीही सकाळी उरलेले रातकिडे बघितले नाहीत," ती म्हणाली.

तिनं सगळे रातकिडे काढले आणि वाळूच्या जागी स्वच्छ कागद अंथरला. आईनं मैद्याची तारेची चाळणी दिली. ती दिव्याभोवती अशी बसवली की ऊब खाली जाईल आणि पतंग बल्बला शिवणार नाहीत. त्या संध्याकाळी ठिपक्यानं चिमट्यातला रातकिडा पाहिलाही नाही. रुचिता जेवली नाही.

शनिवारी दिवेलागणीला तिनं पुन्हा चिमटा आत धरला. पारस आणि भूमिका श्वास रोखून उभे होते. आबा खोलीत आले, पण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ठिपक्यानं मान उचलली. थांबला. मग झडप!

"खाल्लं का गं?" आबांनी न वळता विचारलं.

"खाल्लं, आबा."

"शेपूट?"

"येईल. पण पहिल्यासारखं नसेल."

आबा आता वळले. "उद्या शिवांश आला की त्याला मी सांगणार," ते म्हणाले. "तू न्हाय."