पालथा मोबाइल

प्रयोगशाळेबाहेरच्या खिडकीच्या कठड्यावर त्यानं मोबाइल पालथा ठेवला आणि मगच आत पाऊल टाकलं. मोनालीनं आधी तेवढंच टिपलं.

पुलगावच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. जुन्या कपाटाच्या तळाशी तिला पिक्रिक ॲसिडची बाटली सापडली होती. हे ॲसिड ओलं असेतो निमूट, सुकलं की स्फोटक. तिनं लगेच कळवलं, आणि वर्ध्याहून पोलिसांचं बॉम्बनाशक पथक आलं. त्यातला हा अंकित.

"झाकण फिरवलं तर नाई ना, मॅडम?"

"फिरवलं असतं तर उत्तर द्यायला उरले असते का?"

तो हसला. मग लाल तार कापता की निळी, असं तिनं मुद्दाम विचारलं.

"तार सिनेमातला हिरो कापते. आम्ही माणसं हटवतो, मोबाइल दूर ठेवतो, त्याच्या सिग्नलनंही स्फोट होऊ शकते... अन् वाट पाहतो. वाट पाहाचीच नोकरी आहे आमची."

पुढे तो बाटलीशिवायही येऊ लागला, सवयीनं मोबाइल कठड्यावर पालथा ठेवूनच. कँटीनच्या चहावर सिनेमांची टिंगल चाले — उलटे पळणारे आकडे, घामेजलेला हिरो, फोनवर रडणारी हिरोईन. दिवाळीनंतर त्यानं लग्नाचं विचारलं. तिचं 'हो' ओठांवरच होतं. पण कुणीतरी आपली वाट पाहतंय, हे इतकं गोड वाटलं की ती म्हणाली, पाह्य वाट, तुझी तर नोकरीच आहे.

कपाशीची शेवटची वेचणी झाली, आंबे मोहरले, तरी ती 'हो' जपूनच बसली होती.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. श्वास जड होता.

"बसस्टँडवर आहो. बेवारस बॅग आहे... अगदी समोर. हिरो अशाच वेळी विचारते ना? आता तरी हो म्हण."

तिनं तिथंच फोन कापला. मग संध्याकाळपर्यंत ती त्या बॅगेच्या बातमीची वाट पाहत बसली.

बॅगेत साड्या आणि करंज्यांचा डबा निघाला. दुसऱ्या दिवशी तो हेच हसत सांगायला आला. कठडा रिकामा होता. मोबाइल त्याच्या खिशात.

नियमाला इतका पक्का माणूस तिच्या एका शब्दासाठी सिनेमातला हिरो झाला होता. आज 'हो' म्हटलं, तर तो सिनेमा खरा ठरणार... आणि पुढच्या बॅगेपाशीही तो तिला फोन करणार.

"रागावली काऊन?"

"तुले वाट पाहाले लावली, ते माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली. "माझं उत्तर पहिल्या दिवसापासून 'हो' होतं, अंकित... आता ते 'नाई' आहे."