दाजींनी दिलेला टाय रॉड

बहिणीच्या नवऱ्याने दिलेली वस्तू परत करायची नसते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच सगळे पाळतात. शर्टपीस दिला तर शिवून घ्यायचा आणि रंग शोभत नसला तरी एका लग्नात त्यांच्या समोरून दोनदा जायचं. दाजींनी मला गाडीचा टाय रॉड दिला. मी तो बसवून घेतला.

टाय रॉड म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. स्टिअरिंग वळलं की चाकाने वळायचं, हा निरोप तो पोचवतो. निरोप्याने वाटेत निरोप बदलला, तर चाक त्याचं ऐकतं, तुमचं नाही.

आमचे दाजी बद्रीनाथ. परतूरला त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. वर घर, खाली दुकान. माझी थोरली बहीण नंदाताई तिथे दिलेली. मी जालन्याला असतो, जमिनी मोजतो. गाडी खरं तर माझ्या बायकोची. सुरेखा मंठ्याच्या शाळेवर आहे आणि रोज अप-डाऊन करते. मी गाडी फक्त रविवारी चालवतो आणि उरलेले दिवस ती कशी चालवावी हे तिला सांगतो.

संक्रांतीला परतूरला गेलो तेव्हा गाडीच्या पुढच्या चाकातून खडखड येत होती. दाजींनी ती ओट्यावरूनच ऐकली.

"रॉड गेलाय अंगद. थांब जरा."

आतून खोका आला. खोक्यावर कंपनीचं नाव होतं आणि त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. माझ्या ते लक्षात आलं. पण दाजींच्या खोक्यावरचं स्पेलिंग तपासणारा माणूस आमच्या भावकीत अजून जन्मलेला नाही. फिटरने रॉड बसवला. पैशांचं विचारलं तर दाजींनी असं बघितलं, की मीच ओशाळलो. ताई पायरीवर उभी होती. एरवी ती निघताना गाडीच्या काचेपर्यंत येते. त्या दिवशी तिने पायरीवरूनच हात हलवला.

आठवड्याच्या आत सुरेखा म्हणाली, "गाडी उजवीकडं ओढतेय."

"रस्ता खराब असेल."

"रस्ता दोन्हीकडं खराब आहे. ओढते उजवीकडंच."

औद्योगिक वसाहतीजवळ अजमतभाईंचं गॅरेज आहे. चाकं सरळ आहेत की नाहीत हे सांगणारं कॉम्प्युटरचं मशीन त्यांनी नवीनच आणलंय आणि त्याला रोज हार घालतात. त्यांनी गाडी चढवली, पडद्यावर आकडे आले.

"बिलकुल झिरो, सर. असा झिरो तर कंपनीतून निघताना पण नसतो."

"मग ओढते का?"

"मॅडमचा हात भारी असंल."

सुरेखाने त्यांच्याकडे बघितलं.

"म्हंजे उजवा," अजमतभाई म्हणाले. "सगळ्यांचाच असतो."

रविवारी मी स्वतः मंठ्यापर्यंत जाऊन आलो. जाताना गाडी उजवीकडे ओढत होती, येताना डावीकडे. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडीने ओढायचंच असेल तर कडेला ओढावं. ही जाताना चढाकडे ओढत होती. नंतर एका मोजणीसाठी भोकरदनला गेलो. जाताना गाडी ओल्या वाळूतून चालल्यासारखी जड, येताना इतकी हलकी, की उतार नसलेल्या ठिकाणीही मला ब्रेकवर पाय ठेवावा लागला. माहेरची ओढ आणि गाडीची ओढ यांना मराठीत एकच शब्द आहे. हे मला तोवर विनोदी वाटत होतं.

मग वाटूरच्या अलीकडे तो ट्रक आला. सळयांनी भरलेला. सुरेखा घरी येऊन पाणी प्यायली, तिने पर्स जागेवर ठेवली आणि सांगितलं, "मी डावीकडं धरलं होतं. दोन्ही हातांनी. गाडी उजवीकडं गेली."

ट्रकवाल्याने ट्रक शेतात घातला, म्हणून ती हे सांगायला घरी आली होती.

"तुमच्या दाजींनी काय बसवलंय ते बघा," ती म्हणाली. बसवला तेव्हा ते नुसते दाजी होते, 'तुमचे' आता झाले.

दुसऱ्या दिवसापासून ती एसटीने जायला लागली. मी ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काढू नको रे," मग म्हणाली. "ह्यांला लई लागंल."

"ताई, सुरेखा मेली असती."

"मेली न्हाई ना पण," ताई म्हणाली. माझी ताई. मला गोवर निघाला तेव्हा उशाशी बसून राहिलेली.

त्या संध्याकाळी मी जिल्ह्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. दोन ठिकाणांहून एकाच खुणेकडे रेघ मारली, की त्या रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे ती खूण असते. मोजणीत यापेक्षा फार काही नाही. मंठ्याच्या रस्त्यावरची ओढ, भोकरदनच्या रस्त्यावरची ओढ, घरासमोर उभी असताना चाकं आपोआप ज्या बाजूला वळून राहतात ती बाजू. रेघा परतूरला भेटल्या. मी हसलो. दुकानाच्या मालाला दुकानाची ओढ.

एक रेघ मात्र चुकत होती. आदल्या गुरुवारी चाकं अंबडकडे वळलेली होती. मोजणारा मीच, त्यामुळे चूक माझी असणार. तरी सहज म्हणून ताईला मेसेज केला: गुरुवारी कुठे होतात?

उत्तर आलं: मी घरीच. हे अंबडला गेल्ते, लग्नाला.

रविवारी परतूरला निघालो. सुरेखा शेजारी येऊन बसली.

"तुला कशाला?"

"तुम्ही एकटे गेलात तर चहा पिऊन परत याल."

वाटूरपर्यंत मी स्टिअरिंगशी कुस्ती केली. तिथून परतूरकडे वळलो आणि गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली. एक बोट पुरलं. मग तेही काढलं. रस्ता हलका वळायचा तिथे गाडी माझ्याआधी वळायची.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. बाजारपेठ उघडत होती, कुणी दुकानासमोर सडा मारत होतं. मी दुकानाच्या समोरच्या बाजूला गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, हात स्टिअरिंगवर नुसते टेकवले. दाजी गल्ल्यावर बसलेले दिसत होते. स्टिअरिंग त्यांच्याकडे कललेलं होतं.

त्यांनी आम्हाला पाहिलं, हात वर केला आणि चहा सांगायला कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे निघाले.

माझ्या तळव्यांखालून स्टिअरिंग सरकायला लागलं.

सावकाश. ते चालत होते तितकंच.

हॉटेलाशी ते थांबले. स्टिअरिंग थांबलं.

"तुम्ही फिरवताय?" सुरेखाने विचारलं.

मी हात उचलून दाखवले.

ते परत निघाले. पुढच्या टायरखाली खडी करकरली. चाकं वळत होती. ते गाडीच्या समोरून रस्ता ओलांडायला लागले आणि ती करकर ऐकून मधेच थांबले.

त्यांनी चाकांकडे बघितलं.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"सुरू झालं का?" दाजी म्हणाले.

वर घरात गेलो. चहा आला, कुणी घेतला नाही. दाजी लोडाला टेकून बसले आणि भिंतीशी बोलल्यासारखं बोलले.

"तुझ्याआधी तिघांला बसवला. मोंढ्यातल्या एकाला, सातोन्याच्या एकाला, एक मास्तर होता. तिघं बी परत घेऊन आले. शिव्या देऊन गेले. मंग म्हन्लं, घरातल्या माणसाला द्यावा."

"का?"

"तू काय परत आणणार न्हाईस."

हे त्यांनी कौतुकाने म्हटल्यासारखं म्हटलं. गेली वीस-पंचवीस वर्षं मी पाळलेल्या रीतीचं हे प्रमाणपत्र होतं.

"फेकून द्यायचा," सुरेखा म्हणाली.

"टाकून बघितला की. उकिरड्यावर टाकला, तर रातभर ह्यांचा डोळ्याला डोळा न्हाई," ताई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात होती. "उठून बसायचे. दार उघडून उभं राह्यचे. कुणाच्या तरी गाडीला लागलेला असला की मंग झोपायचे. अंगदला द्या, असं मीच म्हन्लं."

"तू म्हणालीस?"

"तू कधी काही बोलतो का?"

"ताई, त्या गाडीत रोज ही बसते."

ताईने पदराने ताटलीची कड पुसली. ती आधीच कोरडी होती.

"माझा नवरा हाय तो," ती म्हणाली.

"आला कुठून हा?" मी दाजींना विचारलं. "कुठल्या गाडीचा आहे?"

"माल होता," दाजी म्हणाले. पुन्हा विचारलं तरी तेच म्हणाले.

सुरेखाला मी एसटीत बसवून दिलं आणि गाडी रमतगमत, बैलगाडीच्या चालीने जालन्याला आणली. अजमतभाईंनी रॉड काढला, घासला, उलटा-सुलटा करून बघितला. मधोमध जोड होता. तुटका दांडा वेल्डिंगने जोडून वर काळा रंग मारलेला.

"हे तर मौत आहे, सर. भंगारात टाकू?"

भंगारातून तो पुन्हा कुणीतरी रंगवून खोक्यात घालेल, म्हणून नको म्हटलं. नवा रॉड बसला. गाडी सरळ झाली. सुरेखा मंठ्याला जायला लागली. वाटेत दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरते, अजूनही.

पुढच्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा दाजींची वस्तू परत करायला गेलो. रॉड गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवला होता. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत दाजींची पावलं दिसली, मग शटर पूर्ण खाली आलं. ताईने वरच्या खिडकीतून बघितलं.

"आत आणू नको, अंगद. तुला पाया पडते."

"मग मी काय करू?"

"काय बी कर. तुला समजतं की सगळं. शिकलेला हायेस."

खिडकी लागली. मी थोडा वेळ रस्त्यात उभा राहिलो. ओळखीच्या एकाने विचारलं, "काय पाहुणे, कधी आलात?" मी म्हटलं, "निघालोच."

परतूरच्या पलीकडे दुधनेच्या धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं असतं. मी त्याच्या कडेला गेलो आणि अंगातल्या सगळ्या जोराने गोणपाट भिरकावून दिलं. ते अपेक्षेपेक्षा बरंच लांब जाऊन पडलं.

महिनाभर ताईचा फोन नव्हता. मीही केला नाही. मग एकदा आला, काही झालंच नाही अशा आवाजात. घरात असंच असतं.

"ह्यांला सकाळी फिरायची सवय लागलीय. डॉक्टर बी म्हन्ले, चांगलंय."

"कुठे फिरतात?"

"पाण्याकडं जातात. तू ते कुठं टाकलं व्हतं?"

"लांब," मी म्हणालो.

मे महिन्यात ताईने बोलावलं. यायलाच पाहिजे, म्हणाली. कारण सांगितलं नाही. दाजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. खुर्ची रस्त्याकडे नव्हती, घराच्या कोपऱ्याकडे होती. समोर फक्त भिंत, आणि भिंतीपलीकडे त्याच रेघेत धरण.

"ये अंगद, बस," ते म्हणाले. मान वळवली नाही.

ताईने मला मागच्या अंगणात नेलं. दोरीवर दाजींचे कपडे वाळत होते. दाजी पांढरं वापरतात.

"रोज पाण्यातनं हात धरून आणते," ती म्हणाली. "कुठल्याच साबणानं जाईना बघ हे."

प्रत्येक पायजम्यावर गाळाची एक आडवी रेघ होती, पाणसळीने मारल्यासारखी सरळ. पहिल्यावर घोट्याशी. त्यापुढच्यावर गुडघ्याशी. त्यापुढच्यावर मांडीवर. उन्हाळ्यात ते पाणी रोज थोडं मागे सरकतं, त्याला गाठायलाच लांब चालावं लागतं.

"आज सकाळी मला उशीर झाला उठायला," ताई म्हणाली.

दोरीच्या शेवटी सदरा होता, अजून ओला. त्याच्यावरची रेघ खिशाच्या वर, कॉलरपासून चार बोटांवर होती.