शून्याची चूक

सत्राचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत जर्नलवर सह्या घ्यायची धांदल. जर्नल अपुरं असलं की प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, आणि माझं अर्धं कोरं होतं. बाबांच्या ऑपरेशनमुळे पाच आठवडे मी घरीच होते. मॅडमच्या हातापाया पडायचं, परीक्षा उरकायची आणि त्याच दिवशी बाबांकडे परतायचं, एवढाच बेत होता. माझं वर्ष वाया गेलं असतं, तर त्यांनी ते स्वतःच्या आजारपणाच्या माथी मारलं असतं.

प्रयोगशाळेच्या कपाटातून जर्नल काढलं, तर ते पूर्ण होतं.

माझे बुडालेले पाचही प्रयोग, तारखा, आलेख, प्रत्येक पानाखाली मॅडमची लाल सही. अक्षर माझंच. सातच्या पोटातली आडवी रेघसुद्धा.

प्रयोगात माझी जोडीदारीण असते, तिला सगळे चष्मिष म्हणतात. मी तिला गाठलं.

“हे तू लिहिलंस?”

“मी? माझंच लिहिताना नाकी नऊ आले.”

“मग कोणी लिहिलं?”

“काय चेष्टा लावलीयस? तूच लिहिलंस. माझ्यासमोर बसून.”

“मी घरी होते.”

तिने चष्मा काढून पुसला. “बाबांचं काही विचारू नकोस असं तूच म्हणालीस. म्हणून मी विचारलं नाही.”

मी मुळातच संशयी. आई म्हणते, तू देवाकडेही पावती मागशील. मला वाटलं, हिनेच दया येऊन माझं अक्षर गिरवलंय आणि आता अंग काढून घेतेय. मी पानं तपासायला बसले.

तारेची जाडी मोजायचे आमचे स्क्रू गेज जुने आहेत. पूर्ण मिटवल्यावर शून्य दाखवायला हवं, तिथे दोन घरं जास्त दाखवतात. ती दोन घरं उत्तरातून वजा करायची असतात. मी दरवेळी मिळवते. वर्षभर बोलणी खाल्ली, तरी हात तिकडेच वळतो.

मी नसतानाच्या पहिल्या दोन प्रयोगांत ती चूक होती. तिसऱ्यात मिळवलेलं खोडून वजा केलं होतं. चौथा आणि पाचवा स्वच्छ.

नक्कल करणारा चुकाही उतरवतो, हे मी समजू शकते. पण तो सुधारतो कशाला?

मॅडमना तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आयतं मिळालं होतं, लोभ सुटला. जर्नल जमा केलं आणि दोन दिवस चष्मिषवर डोळा ठेवून राहिले. ती माझ्याशी बोलायचं टाळत होती.

परीक्षेत तारेची जाडी मोजायची होती. मी आकडे घेतले, उत्तर काढलं. मॅडम मागे येऊन थांबल्या.

“परत तेच? ही चूक तर सुटली होती तुझी.”

खाली पाहिलं. मी दोन घरं मिळवली होती.

त्यांनी माझं जर्नल मागवलं, चाळलं. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

“हे नक्की तुझंच आहे?”

“हो,” मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावर चष्मिषने आपलं स्टूल लांब सरकवलं.

बाहेर आल्याआल्या घरी फोन लावला. आईचा आवाज ऐकायचा होता, बस.

“हॅलो, बोला.”

“आई, झाली परीक्षा. निघतेय मी.”

“अहो, तुम्हाला सापडला का तिचा मोबाइल? बरं झालं बाई. गाडीत राहिला असेल, असं म्हणालीच ती.”

“आई, मी आहे गं.”

“नीट ऐकू येत नाही हो तुमचं. थांबा, तिलाच देते.”

मागे कोणीतरी बाबांना पेपर वाचून दाखवत होतं. वाचन थांबलं. बाबा कोणाला तरी म्हणाले, “लवकर ये हं.”

मग पावलं फोनकडे येऊ लागली.