घरात एकूण माणसे

साठी उलटलेल्या माणसाची चौकशी करायची रीत त्या काळात बदलली होती. "ठिगळ बसलं का?" असं विचारत, पूर्वी "लेक कुठं दिली?" विचारत तितक्याच सहज. हृदयाचा झिजलेला भाग शोधायचा आणि त्यावर हृदयपेशींचा तळहाताएवढा पातळ पापुद्रा चिकटवायचा. चार दिवसांत तो पापुद्रा मूळ हृदयाच्या ठोक्यात आपला ठोका मिळवी आणि माणूस पुन्हा भाजीच्या पिशव्या उचलायला मोकळा होई. शास्त्रज्ञांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी ठिगळ म्हटलं आणि तेच टिकलं.

अशी ठिगळं जिथं वाढवत त्या ठिकाणाला ऊतिशाळा म्हणत. कृष्णाकाठच्या ऊतिशाळेतली डॉक्टर आयरा मुजावर मार्चमधल्या एका दुपारी जयसिंगपूरच्या अकराव्या गल्लीत केतकी मगदूम यांच्या दारात उभी राहिली, तेव्हा केतकीबाईंना वाटलं, पाण्याच्या मीटरचं कुणीतरी असेल. दुसरं कुणी यायचं कारण नव्हतं.

बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवलं होतं. फळ्यावर एका दमात पेशी काढायची, मध्ये केंद्रक, भोवती तंतुकणिका, कडेला लयकारिका, असा त्यांचा हात बसलेला होता. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं माजी विद्यार्थी पेढे घेऊन येत. मग ज्याला त्याला आपापला संसार लागला. आताशा सकाळी दूध आणणाऱ्या यंत्राला "ठेव बाबा तिथं" म्हणण्यापलीकडे दिवसभर त्यांचं तोंड उघडत नसे. यंत्राला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या म्हणत.

"बसा की," त्या म्हणाल्या आणि दुसरा कप शोधायला आत गेल्या. तो सापडायला वेळ लागला.

"घरी कोण कोण असतं?" चहा पुढं करत त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"चौघं आहोत. सगळे आपापल्या कामात," आयरा म्हणाली. "बाई, तुम्ही ऊतिशाळेला पेशी दिल्यात, आठवतंय?"

"दोनदा दिल्यात. एकदा तेविसाव्या वर्षी, कॉलेजच्या शिबिरात. आणि गेल्या वर्षी तुमच्याकडून बोलावणं आलं तेव्हा. दंडाच्या आतली चिमूटभर कातडी. का हो?"

"तुमच्या पेशींवर आजवर एक लाख अठरा हजार ठिगळं वाढलीत."

बाईंनी कप खाली ठेवला. हे त्यांना कुणीच कधी सांगितलं नव्हतं. दात्याला काही कळवायचं नाही असा नियमच होता.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. पेशी म्हणजे आपल्या आपण पूर्ण असलेली वस्तू, असं शाळेत शिकवतात. तिला पटल आहे, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका आहेत, हुकूम सोडणारं केंद्रक आहे, केरकचरा पचवणाऱ्या लयकारिका आहेत. सगळं खरं. पण शरीरातली एखादी पेशी काढून काचेच्या बशीत एकटीच ठेवली, तिला अन्न दिलं, ऊब दिली, तरी ती बहुधा एक-दोन दिवसांत स्वतःला मोडून टाकते. कारण शरीरात असताना तिला शेजारच्या पेशींकडून सतत एक रासायनिक निरोप येत असतो: जग. तो थांबला की मरायचं, एवढंच तिला माहीत असतं. म्हणून ठिगळ वाढवताना बशीच्या तळाशी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी पेशींचा थर पसरत. त्यांना दाई पेशी म्हणत. स्वतः दुभंगून वाढायची त्यांची शक्ती किरणांनी काढून घेतलेली असे. वर बसलेल्या कोवळ्या हृदयपेशींना जग, जग म्हणत राहायचं, एवढंच त्यांचं काम. बाराव्या दिवसाच्या सुमाराला हृदयपेशी एका तालात धडधडू लागत, आणि मग त्याच खाली दुसरा निरोप धाडत: तुमचं झालं. दाई पेशी विरघळून जात. ठिगळ धुऊन घेतलं की दाईचा अंशही त्यात उरत नसे.

"गरज सरो, वैद्य मरो," आयरानं हे सांगितल्यावर केतकीबाई म्हणाल्या. "आमच्या पुस्तकात हा शेजाराचा भाग नव्हता. लयकारिकांना आत्मघाती पिशव्या म्हणतात, एवढं होतं. पोरं हसायची."

"बाकीच्यांच्या थरावर दहातली चार ठिगळं धरतात, बाई. तुमच्या थरावर नऊ."

बाईंना फार बरं वाटलं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पण पेशीलासुद्धा पन्नास-साठ वेळाच दुभंगता येतं," आयरा पुढं म्हणाली. "तुमचा तेविसाव्या वर्षीचा साठा संपला, म्हणून गेल्या वर्षी नवा घेतला. त्यावरही ठिगळं छान वाढली. पण काम झाल्यावर दाई पेशी गेल्या नाहीत."

"गेल्या नाहीत म्हणजे?"

"निरोप येतो, त्या ऐकत नाहीत. ठिगळाला धरून राहतात. हे आमच्या ध्यानात येईपर्यंत एक ठिगळ बसवून झालं होतं. चूक आमची आहे."

ज्याला ते ठिगळ बसवलं तो चोपन्न वर्षांचा होता आणि नदीवर मुलांना पोहायला शिकवत होता. नाव सांगायची परवानगी नव्हती. बाईंच्या एक्केचाळीस हजार पेशी त्याच्या हृदयात घर करून बसल्या होत्या. बसल्या बसल्या त्या चिवट धागे विणत होत्या, जखम भरून येताना कातडीतल्या पेशी विणतात तसे, आणि त्या धाग्यांनी त्याचं हृदय हळूहळू ताठर होत होतं. त्यावर औषध बनवता येत होतं. फक्त बाईंच्याच पेशी ओळखून मारणारं.

"म्हणजे तेच औषध उद्या तुमच्या अंगात गेलं तर तुम्ही उरणार नाही," आयरा म्हणाली. "एखाद्या माणसाच्या पेशींवर असं औषध बनवायचं तर त्याची लेखी परवानगी लागते. तसा कायदाच आहे." तिनं एकपानी कागद समोर ठेवला.

बाईंनी तो हातात घेतला. मग विचारलं, "त्याचा ठोका ऐकायला मिळेल का हो?"

हेही नियमात बसत नव्हतं. आयरा क्षणभर घुटमळली आणि तिनं फोन काढला. प्रत्येक ठिगळात एक बारीक संवेदक असे. त्याचा आवाज इथवर येई. मिनिटभर त्या बैठकीच्या खोलीत एका परक्या माणसाचं हृदय चालत राहिलं.

"यातलं माझं कुठलं?"

"तुमच्या पेशी धडधडत नाहीत, बाई. त्या नुसत्या तिथं आहेत."

"असू देत," केतकीबाई म्हणाल्या. कागद त्यांनी चष्म्याच्या डबीखाली ठेवला. "वाचून सही करते."

आयरानं आणखी अर्धा कप चहा घेतला. तिला निघायची घाई दिसत नव्हती.

एकतीस वर्षं उत्तरपत्रिका वेळेच्या आधी तपासून देणाऱ्या केतकीबाई आयुष्यात पहिल्यांदा एक कागद अडवून बसल्या. सकाळी खिडकीतून ऊन बघून त्या मोठ्यानं म्हणत, "आज पाणी गार असेल, जरा उशिरानं उतरा." पोळ्या दोन जास्त लाटल्या जात. बाजारात पन्नाशीचा, ओल्या केसांचा कुणी माणूस दिसला की त्या उगाच त्याच्यामागे चार दुकानं चालत जात. आयराचा फोन आला की "वाचतेय अजून" म्हणत. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि सही करवत नव्हती. या जगात एका ठिकाणी त्या कुणाला तरी धरून होत्या, आणि ते सोडायचं त्यांच्याच हातात दिलं होतं.

दहाव्या दिवशी आयरा न कळवता आली.

"काल तो एका मुलाला धरायला घाट उतरला. मुलगा ठीक आहे. हा तिसऱ्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. ओठ निळे पडले होते. आता दवाखान्यात आहे."

बाईंनी डबी बाजूला केली आणि पेन शोधायला लागल्या.

"आणखी एक सांगायचंय," आयरा म्हणाली. "तुमच्या पेशी का जात नाहीत, ते सापडलं. केंद्रकातल्या डीएनएवर आयुष्यभर बारीक रासायनिक खुणा पडत जातात. झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. कुठली कधीची ते वाचता येतं. माणसाला मनापासून बोलायला कुणी नसलं की शरीरात काही द्रव्यं साठतात आणि त्यांची एक वेगळी खूण उमटते. आम्ही तिला एकलखूण म्हणतोय. ती दाट झाली की पेशीला जायचा निरोप ऐकू येत नाही. एकदा कुणाशी जोडली गेली की ती सोडत नाही."

"मिस्टर गेल्यापासून असेल," बाई म्हणाल्या. "बारा वर्षं झाली."

आयरानं हातातला तक्ता पुन्हा बघितला. "नाही. सुरुवात तुमच्या तिसाव्या वर्षाच्या आसपास दिसते. तेव्हा एकट्या राहत होता का?"

"नाही." बाईंना पेन सापडलं होतं. "तेव्हा घरात पाच माणसं होती. सासू, सासरे, दीर, मिस्टर आणि मी. दोन्ही वेळेला पंगत बसायची."

त्यांनी सही केली आणि सवयीनं खाली तारीख घातली. मग कागदाकडे बघत म्हणाल्या, "एक पान वाचायला नऊ दिवस लागत नाहीत."

"मला कळलं होतं, बाई. मी आधीच यायला हवं होतं."

"मला त्याचं वाईट व्हायला नको होतं हो. आपण कुठंतरी आहोत, एवढंच वाटत होतं."

त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली: दर आठवड्याला किती उरल्या ते कळवायचं. आयरा कळवत राहिली. पहिल्या आठवड्यात सहा हजार. मग तीनशे बारा. मग नऊ. नऊचा निरोप आला त्या दिवशी बाईंनी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर नऊ पेशी काढल्या, प्रत्येकीला केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका, सगळं नीट नावांसकट. पुढच्या आठवड्यात शून्य आलं. "बरं झालं," त्या रिकाम्या घरात म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

तो माणूस घरी गेला. काठावर उभं राहून मुलांना शिकवू शकेल, पण नदी पार करणं आता व्हायचं नाही, असं आयरानं लपवून न ठेवता सांगितलं. नऊ दिवसांत विणले गेलेले धागे तसेच राहिले होते; पेशी मेल्या तरी त्यांनी विणलेलं उसवत नाही. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

मे महिन्यात त्यांनी स्वतःहून ऊतिशाळेत फोन लावला. "औषधानं म्हणा, कशानं म्हणा, पेशींना निरोप ऐकायला शिकवता येत असेल, तर माझा दंड अजून आहे. कधी येऊ?"

"बाई, नवा नियम झालाय," आयरा म्हणाली. "दात्याच्या अर्जात वय आणि वजनाखाली एक रकाना वाढवलाय. 'घरात एकूण माणसे.' तिथं 'एक' असेल तर नमुना घ्यायचा नाही. एकलखुणेची तपासणी फार वेळखाऊ आहे. लाखो अर्ज येतात. काहीतरी सोपं हवं होतं."

"बरोबर आहे," केतकीबाई म्हणाल्या. "मग किती लागतात?"

"किमान दोन."

मुलाचं चुकलेलं उत्तर त्याचं त्यालाच सापडावं म्हणून वर्गात ज्या आवाजात विचारत, त्याच आवाजात बाईंनी विचारलं, "आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला पाहिजे, की नुसतं घरात असलं तरी चालतं?"

ऊतिशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी नमुना द्यावा लागे. आयराचा स्वतःचा अर्ज तिच्या टेबलावर पडलेला होता, सकाळीच भरलेला. नव्या रकान्यात तिनं 'चार' लिहिलं होतं. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. आज सकाळपासून ती पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलत होती, आणि काल, परवा घरात आपण कुणाशी काय बोललो ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. अर्जात त्याबद्दल रकाना नव्हता.

"बाई," ती म्हणाली.

"हं," बाई म्हणाल्या.

काम झालं होतं. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.